पूर्वेला चारशे दहा मीटर

"काका, तू जा आता. पाचला ये."

दारात उभ्या असलेल्या भिंगरीने जिन्याकडे तोंड करून एवढंच म्हटलं, आणि कडीवर हात ठेवून उभा असलेला तपासनीस कडी सोडायचंच विसरला. जिन्यावरून दंतवैद्याने हात वर केला, "येतो," म्हणाला आणि किल्ल्या खुळखुळवत उतरून गेला. तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. दर दुसऱ्या रविवारी तो तिला दहा वाजता आणून सोडायचा आणि पाचला घेऊन जायचा. येताना दोन पायऱ्या खालीच थांबायचा, उंबऱ्यापर्यंत कधी यायचा नाही, आणि त्याचा हा शहाणपणासुद्धा तपासनिसाला खुपायचा. पण आजवर भिंगरी त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती. काका, तुम्ही जा. काका, तुम्ही पाचला या. तिच्या आईने त्या माणसाशी लग्न केलं त्याला तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत सामानाची वाटणी, कोर्टाचे कागद, शाळेच्या दाखल्यावरचा बदललेला पत्ता, सगळं तपासनिसाने निमूट सोसलं ते त्या एका 'तुम्ही'च्या आधारावर. बाप तो 'तू', बाकी सगळे 'तुम्ही'. आपल्या भाषेने बापाची बाजू घेऊन ठेवली आहे, असं त्याला वाटायचं आणि बरं वाटायचं. ती सोय आज मुलीने जाता जाता मोडून टाकली होती, आणि तिच्या हे गावीही नव्हतं. ती बूट काढत होती, आणि एका बुटाची गाठ सुटत नव्हती म्हणून जीभ बाहेर काढून बसली होती.

"काका म्हणतो, अशी गाठ दाताने सोडवायची नाही. त्याच्याकडे त्यामुळे तुटलेले दात येतात," ती म्हणाली. म्हणतो. हेही नवीनच. तपासनीस "हं" म्हणाला आणि अंडी फोडायला आत गेला. त्याचं घर म्हणजे दीड खोली. अर्ध्या खोलीला तो स्वयंपाकघर म्हणत असे. अंडं फोडताना कवचाचा तुकडा आत पडला आणि तो चमच्याने काढायला जावं तर पुढे पुढे पळू लागला. नेमका कधी झाला असेल हा बदल? मागच्या खेपेला नव्हता, हे नक्की. मागच्या खेपेला, पश्चिमेच्या टोकाहून आल्यावर, ती म्हणाली होती, 'काकांना ऊन लागलं.' काकांना. म्हणजे या पंधरा दिवसांतलंच काहीतरी. एखाद्या संध्याकाळी ते दोघं पत्ते खेळत असतील आणि चिडून तिच्या तोंडून निघून गेलं असेल, 'तू चीटिंग करतोस.' मग तिघंही थांबले असतील, तिची आई हसली असेल, आणि त्या माणसाने अगदी हळू, रोग्याला आ करायला सांगतात तशा आवाजात म्हटलं असेल, असू दे, चालेल मला. चालेलच. का नाही चालणार? तपासनिसाने कवच बोटानेच काढलं आणि बोट उगाच बराच वेळ नळाखाली धरून ठेवलं.

खरं दुखणं टोकांचं होतं. भिंगरी आणि दंतवैद्य गेली दोन वर्षं देशाची चार टोकं पाहत फिरत होते. उत्तरेचं झालं होतं: बर्फातली पत्र्याची चौकी, आणि तिच्यासमोर कानटोपीतून नुसतं नाक बाहेर काढलेली भिंगरी. दक्षिणेचं झालं होतं: शेवटच्या कोळीवाड्यापलीकडचा बांध, वारा इतका की फोटोत तिचे केस आडवे. पश्चिमेचं झालं होतं: मिठाच्या सपाट मैदानात उभा एक खांब, आणि त्याला टेकून, डोळे मिचकावत ती. प्रत्येक ठिकाणचा एक खडा आणायचा आणि तो दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या गोल प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा, अशी त्यांची रीत होती. लहान मुलांना पडलेला दुधाचा दात घालून घरी न्यायला देतात, त्या डब्या. झाकणांवर उ, द, प अशी अक्षरं. लोक या छंदाचं कौतुक करायचे, आणि तिची आई ते फोनवर तपासनिसाच्या कानावर घालायची. "किती छान कल्पना ना? मुलीला सबंध देश कळतो," ती म्हणायची. कल्पना. आता कल्पना कुणाची, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं?

भिंगरी चार वर्षांची असताना, ते सगळे एका घरात असताना, तपासनीस रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी पेन्सिलींना टोकं काढत बसे. नकाशा कचेरीतला तपासनीस तो. छापायला जाणारा प्रत्येक नकाशा शेवटी त्याच्या नजरेखालून जायचा आणि चूक दिसली की तो गुलाबी चिठ्ठीवर दुरुस्ती लिहून वर पाठवायचा. टोक केसासारखं बारीक नसेल तर नकाशावर त्याची जाडी म्हणजे अर्धा गाव, असं त्याला शिकवलेलं होतं आणि त्याने ते भिंगरीलाही शिकवलं. ती त्याच्या मांडीवर बसून सालांच्या चकत्या गोळा करी, आणि एकदा विचारून बसली, "देशाला पण टोक असतं?" त्याने तिला नुसत्या सीमारेषेचा एक नकाशा दिला, तिचे डोळे आपल्या तळहाताने झाकले आणि तिचं बोट त्या रेषेवरून फिरवलं. "थांब म्हटलं की थांबायचं. हं, थांब. याच्यावर आपला देश नाही." तिच्या पापण्या त्याच्या तळहाताला गुदगुल्या करत. पुढे वर्षभर रोज तोच खेळ चालला. बोट लावून लावून तो कागद टोकांपाशी काळा पडला. आणि तोच तिला म्हणाला होता, मोठी झालीस की आपण चारही टोकांना जाऊ. म्हणाला होता तेव्हा मनापासूनच म्हणाला होता. पण त्याला प्रवासाचा कंटाळा. गाडीत मळमळायचं, परक्या अंथरुणात झोप यायची नाही, आणि शिवाय जायचं कशाला? त्याच्या टेबलावर सबंध देश पसरलेला असायचा, त्यात प्रत्येक विहीर होती. "तू टेबलावरून उठ जरा," बायको म्हणायची. "लग्न झाल्यापासून तू मला समुद्र कागदावर दाखवतोयस." मग त्याचाही तोल जाई, तोही काही टोकाचं बोलून बसे. दोघांचंही टोकाचं बोलून झालं आणि मग बोलायला काही उरलंच नाही. भिंगरीने मात्र जाताना दप्तरात तो काळा पडलेला नकाशा नेला. तो तिने नव्या घरात भिंतीवर लावला असेल आणि दंतवैद्याने विचारलं असेल, हे काय गं? तिने सांगितलं असेल. आणि त्या माणसाने, ज्याने जन्मात कधी अक्षांश म्हणजे काय याचा विचार केला नसेल, त्याने दुसऱ्या दिवशी तिकिटं काढली असतील. इतकं सोपं. तिकिटं काढायची. तपासनिसाला त्या माणसाचा राग येई तो नेमका इथे. त्याने काही हिसकावून घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्याने फक्त पडून राहिलेली वस्तू उचलली होती.

"आता एकच राहिलं. पूर्व," ऑम्लेट खाता खाता भिंगरी म्हणाली. "पुढच्या शनिवारी जायचं म्हणतोय काका." ती त्याच्याकडे पाहत राहिली. तपासनीस तिच्या पावाला लोणी लावत होता, ते त्याने चारही कोपऱ्यांपर्यंत नीट लावलं. त्याच्या डोक्यात अजून 'म्हणतोय' घुमत होतं. "दीपगृह आहे ना तिथे?" तिने विचारलं. "आहे," तो म्हणाला. "आणि दगड? पूर्व टोक असं लिहिलेला?" "तोही आहे." "आणि मग तेच टोक ना?" त्याने पाव तिच्या ताटलीत ठेवला. "नकाशात तरी तसंच आहे," तो म्हणाला. आणि हे बोलताना त्याच्या अंगातून जी ऊब गेली ती त्याला इतकी आवडली की त्याची त्यालाच लाज वाटली.

कारण ते टोक नव्हतं. ही गोष्ट सबंध देशात फक्त त्याला माहीत होती, आणि तीन आठवड्यांपासून माहीत होती. कचेरीच्या प्रत्येक नकाशापुस्तकात पहिल्या पानावर एक चौकट असे, 'देशाची चार टोकं', खाली चार ओळी, अंश, मिनिटं, सेकंद. ही चौकट तपासनिसाकडे होती. नव्या आवृत्तीसाठी तो ती नव्या हवाई छायाचित्रांशी ताडून पाहत होता, आणि पूर्वेची ओळ जुळेना. दोन दिवस त्याने आकडे उलटसुलट तपासले. तिसऱ्या दिवशी तळघरातून मोजणीची जुनी वही आणून उघडली तेव्हा उलगडा झाला. नव्वद वर्षांपूर्वीच्या मोजणीदाराने आपलं यंत्र दीपगृहाच्या ओट्यावर मांडलं होतं, कारण ते दुरून दिसतं. त्याने दीपगृहाची जागा मोजली आणि वहीत चोख लिहिली. टोक त्याने मोजलंच नव्हतं, आणि मोजलं असंही तो कुठे म्हणाला नव्हता. पुढे कुणा कारकुनाने चौकट भरताना दीपगृहाचा आकडा उचलून टोकापुढे टाकला. मग नकाशा बघून तिथे दगड बसवला, आणि दगड बघून लोक नकाशा बरोबर आहे म्हणत राहिले. खरं टोक दीपगृहाच्या दक्षिणेला, एका अरुंद ओढ्यापलीकडे होतं. सपाट काळ्या खडकाची एक जीभ, भरतीतही जमिनीला जोडलेली, दगडापेक्षा चारशे दहा मीटर पूर्वेला. त्या खडकाला नावसुद्धा नव्हतं. तपासनिसाने गुलाबी चिठ्ठी लिहिली, तारीख घातली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही चिठ्ठी आपल्याकडे एक रात्र ठेवलेली नव्हती. पण त्या दिवशी घरी जाताना जिन्यात त्याला आठवलं की त्यांचं पूर्वेचं टोक बाकी आहे, आणि तो परत वर जाऊन चिठ्ठी खणात ठेवून आला. तेव्हा त्याने स्वतःला सांगितलं की पुन्हा एकदा तपासून बघू.

त्या रविवारी पाच वाजता भिंगरी गेल्यावर मात्र त्याने स्वतःला काहीही सांगितलं नाही. सोमवारी विभागप्रमुखांनी त्याला बोलावलं. त्यांना कचेरीत सगळे 'शून्य अंश' म्हणत. ते कधी तापले नव्हते आणि कुणी त्यांना विरघळलेलं पाहिलं नव्हतं. "पहिलं पान राहिलंय तुमचं," शून्य अंश म्हणाले. "छपाईवाले विचारतायत. तुमच्याकडून असा उशीर होत नाही." "एक तपासणी बाकी आहे साहेब," तपासनीस म्हणाला. "शनिवारपर्यंत देतो... म्हणजे शनिवार झाला की देतो." शून्य अंशांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांनी विचारलं असतं तर त्याने सांगूनही टाकलं असतं, इतका त्याचा जीव कासावीस झाला होता. पण चांगल्या नोकराला कुणी काही विचारत नाही. तो आठवडाभर खण उघडून बघत राहिला. चिठ्ठी तिथेच होती. बाहेर काढून वाचावी, परत ठेवावी. एकदा फोन उचलून नंबरही फिरवला, तिकडून दवाखान्यातल्या बाईंचा आवाज आला, "डॉक्टर पेशंट बघतायत, काय दुखतंय आपलं?" आणि त्याने फोन ठेवून दिला. काय दुखतंय ते त्याला नेमकं माहीत होतं. कुणाचं चांगलं बघवलं नाही की माणसाचं जे दुखतं तेच.

शनिवारी तो दिवसभर घरात होता आणि दिवसभर त्यांच्याबरोबर होता. नकाशातली प्रत्येक वाट त्याला पाठ. आता ते उतरले असतील. आता बाभळीच्या वळणापाशी गाडी सोडून पायी निघाले असतील, पुढे वाळू. दंतवैद्य धापा टाकत असेल, त्याचं पोट सुटलेलं आहे. भिंगरी पुढे धावत असेल, मागे वळून ओरडत असेल, 'ये ना लवकर!' आता दीपगृह. आता दगड. ती दगडावर हात ठेवते, तो फोटो काढतो, दोघं समुद्राकडे तोंड करून उभे राहतात आणि त्यांना वाटतं, याच्यापुढे आपला देश नाही. आणि उजव्या हाताला, ओढ्यापलीकडे, मान वळवली तर दिसेल इतक्या जवळ तो खडक पाण्यात घुसलेला असेल. तपासनीस खुर्चीत बसून हसला. मग त्याच्या मनात आलं, तिचे डोळे दीपगृहाच्या पांढऱ्या भिंतीने दुखत असतील, तिला उन्हाचं डोकं दुखतं, टोपी दिली असेल ना तिला कुणी? आणि हसू कुठल्या कुठे गेलं. पण बेत पक्का होता. परत आली की तिच्यापुढे मोठा नकाशा उघडायचा. खरं टोक दाखवायचं. तिचं तोंड उतरेल, दंतवैद्याचं अज्ञान तिला कळेल, आणि मग म्हणायचं, चल, आपण दोघं जाऊ. तो गोळ्या घेईल मळमळीच्या. त्याने गोळ्या आणूनही ठेवल्या होत्या.

पुढच्या खेपेच्या रविवारी भिंगरी आली ती चार डब्या घेऊनच. टेबलावर ओळीने मांडल्या. चौथीत एक तपकिरी खडा, पोपटाच्या चोचीसारखा वाकडा. "झालं," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिचं नाक उन्हाने सोललेलं होतं. तपासनिसाला अपेक्षा होती ती उड्या मारेल. ती उड्या मारत नव्हती. त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. त्याचं लक्ष सगळं कपाटामागच्या गुंडाळीकडे होतं. ती त्याने काढली, उलगडली, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. पेन्सिलीचं टोक दीपगृहावर टेकवलं. "इथे उभी होतीस तू." मग हलक्या हाताने ओढा ओलांडला. "आणि टोक इथे आहे." तिने मान वाकवली. तिच्या केसांना परक्या घरच्या साबणाचा वास येत होता. तो सांगत गेला, मोजणीदार, यंत्र, ओटा, कारकून, चारशे दहा मीटर, आणि सांगता सांगता त्याला जाणवलं की आपण फार भरभर बोलतोय. तिने पेन्सिल त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः ते अंतर फिरवून पाहिलं.

"नक्की?"

"मी मोजलंय."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"कचेरीचं काम," तो म्हणाला. "सही झाल्याशिवाय बाहेर बोलता येत नाही."

"हो, ते बरोबर," ती म्हणाली. तिने जराही शंका घेतली नाही. बाबा कचेरीच्या बाबतीत खोटं बोलत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि तिच्या त्या बिनतक्रार मान हलवण्याने तपासनीस मेल्याहून मेला झाला. तो तोंड उघडणार, 'आपण दोघं' म्हणणार, तेवढ्यात त्याला तिचा चेहरा दिसला. तो उतरलेला नव्हता. उलट आल्यापासून उतरलेला होता तो आत्ता वर येत होता. "म्हणजे अजून बाकी आहे," ती म्हणाली. "बाबा, तिकडून परत येताना मला गाडीत इतकं रडू आलं. सगळी टोकं संपली ना. काका पण गप्प होता. मी म्हटलं आता आपण काय करायचं, तर त्यालाही सुचेना." आणि ती उठून फोनकडे गेली. तपासनीस "अगं, ऐक," म्हणाला, पण ते बहुधा मनातल्या मनातच. नंबर तिला पाठ होता.

"काका, ऐक, संपलेलं नाहीये! दगड चुकीचाय. खरं टोक पुढे आहे, ओढ्याच्या पलीकडे, आपण बसलो होतो ना ते बिस्किटं खायला, तिथून दिसतं. बाबाने शोधलंय. नव्वद वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. फक्त माझ्या बाबाला." हे शेवटचं वाक्य म्हणताना तिने तपासनिसाकडे बघितलं, आणि त्या नजरेसाठी त्याने तीन वर्षं काय वाटेल ते दिलं असतं. ती आता मिळाली होती, आणि दुसऱ्याला फोनवर सांगताना मिळाली होती. तिकडून बराच वेळ दंतवैद्य बोलत होता. आवाज कळत होता, शब्द कळत नव्हते. आवाजात आनंदाशिवाय काहीही नव्हतं. तपासनिसाने त्यात कुठे खोट सापडते का ते कान देऊन ऐकलं. तेच तर त्याचं काम होतं. नाही सापडली.

भिंगरीने फोनवर हात ठेवला. "काका म्हणतोय तुला थँक्यू सांग. आणि विचारतोय, बाकीची तीन तरी बरोबर आहेत ना? की त्यांच्यातही काही चूक असेल?"

ती उभी होती ती एका पायावर, दुसरा पाय त्यावर घासत. चूक असावी म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. तपासनिसाला सगळं स्वच्छ दिसलं. उत्तरेची ओळ त्याने स्वतः दोनदा तपासली होती. पश्चिमेला खांब हलवून नीट बसवला होता तो त्याच्याच चिठ्ठीवरून. आणि दक्षिणेचा आकडा तर त्याच्या सगळ्या नोकरीतला सर्वांत पक्का आकडा होता, बोटभरही इकडचा तिकडे होणार नाही इतका. हे सांगितलं की फोन खाली ठेवला जाईल, ती खुर्चीत येऊन बसेल, चार डब्या बंद होतील. मग तिला विचारायला काही उरणार नाही, त्यालाही नाही. आणि नाही सांगितलं तर ते दोघं पुन्हा जातील, कोळीवाड्यापर्यंत, बांधापर्यंत, आपसात हसत, एकमेकांच्या टोप्या सांभाळत. पण जाण्याआधी ती या टेबलापाशी येईल, आणि आल्यावर पुन्हा येईल, आणि विचारेल, आता बरोबर आहे का बाबा?

त्याने पेन्सिल उचलली आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या चार टोकांच्या चौकटीत दक्षिणेच्या ओळीभोवती एक बारीक गोल केला.

"दक्षिणेचं मला जरा शंकास्पद वाटतं," तो म्हणाला. "त्याला सांग, मी बघून कळवतो."